निरभ्र आकाशातले सहाशे ससाणे

तपासनीस हे नाव त्यांना कचेरीने दिलं होतं आणि निवृत्तीनंतरही ते चिकटून राहिलं. काम एवढंच, की दुसऱ्याने मोजलेल्या मालाच्या कागदावर 'तपासले, बरोबर आहे' असा शिक्का मारायचा. गोदामात पाय ठेवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. तिथे धूळ असायची, आणि मोजणारा माणूस भला होता. इतक्या वर्षांत एकही तक्रार आली नाही, यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की जग बहुतेक बरोबरच चाललेलं असतं, त्याला फक्त शिक्का हवा असतो.

त्यांच्या बायकोला सगळं गाव बाई म्हणायचं. त्या शाळेत कवायत शिकवायच्या. हातात शिट्टी, पायात बूट आणि आवाज असा की शेजारच्या शाळेतली पोरंही 'सावधान'मध्ये उभी राहायची. मैदानावरची अख्खी शाळा त्या एका नजरेत मोजायच्या, आणि भिंतीवरून पळालेली चौघं वजा करूनच आकडा सांगायच्या. निवृत्तीने शाळा सुटली तेव्हा मोजायला काहीच उरलं नाही. घरात दोनच माणसं, त्यातलं एक सतत मान डोलावणारं. मग त्यांनी आकाश धरलं.

दरवर्षी पावसाळा सरला की थंडी पडायच्या आत शिकारी पक्षी उत्तरेकडून खाली यायचे. गरुड, ससाणे, शिक्रे, भोवत्या, जे कुणी मांसाहारी असेल ते सगळं. गावाबाहेर दोन टेकड्यांमध्ये एक खिंड होती आणि वाऱ्याच्या सोयीने ही मंडळी तिथूनच जायची. खिंडीच्या तोंडाशी बटाट्यांचं शीतगृह होतं. त्याच्या छतावर बाई रोज सकाळी दुर्बीण, टेलिस्कोप, छत्री, थर्मास आणि नवरा घेऊन चढायच्या. शीतगृहाचा रखवालदार त्यांना किल्ली द्यायचा आणि मनातल्या मनात दोघांना वेड्यात काढायचा.

मोजायची एक रीत होती आणि पक्षीगणना केंद्र त्याबाबत फार कडक होतं. पक्षी आधी गरम हवेच्या भोवऱ्यात गोल गोल फिरत वर चढतात. तेव्हा मोजायचे नाहीत, कारण एकच पक्षी सात वेळा मोजला जातो. उंची गाठली की ते भोवऱ्यातून एकामागोमाग एक सुटतात आणि सरळ रेषेत निघतात. तेव्हा मोजायचे. दोन माणसांनी मोजायचे, स्वतंत्रपणे, एकमेकांचा आकडा न बघता. प्रत्येकाच्या हातात अंगठ्याने दाबायचा क्लिकर. थवा गेला की दोघांनी आकडे सांगायचे, आणि ते जवळपास असतील तर त्यांची सरासरी कळवायची.

या दुसऱ्या माणसाच्या जागी तपासनीस होते. पहिल्याच वर्षी पहिल्याच दिवशी त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, तेव्हा त्यांना स्वतःच्या पापण्या दिसल्या. त्यांनी खूप प्रयत्न केला, म्हणजे जवळजवळ चहा होईपर्यंत. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई क्लिकर कमरेशी धरतात, आणि आपलं स्टूल बुटकं आहे. आकडा बरोबर डोळ्यांसमोर. बाई म्हणाल्या, "एकशे चाळीस. तुमचे?" तपासनीस म्हणाले, "एकशे छत्तीस." बाई हरखल्या. इतका बारीक हिशेब जुळणारा जोडीदार त्यांना शाळेतही मिळाला नव्हता.

अठरा वर्षं तपासनीसांनी अशी री ओढली. दोन-चार कमी सांगायचे, कधी एखादा जास्त, म्हणजे संशय नको. उरलेला वेळ छत्रीखाली वर्तमानपत्र. आपण काही वाईट करतोय असं त्यांना एकदाही वाटलं नाही. मोजणारा माणूस भला होता.

त्या दिवशी आकाश धुवून पुसून ठेवल्यासारखं होतं. मोजणाऱ्यांना असलं आकाश आवडत नाही. ढग असले तर त्यावर पक्षी उठून दिसतो. कोऱ्या निळ्यात उंचावरचा पक्षी म्हणजे नुसता ठिपका. सकाळभर दोन घारी आणि एक शिक्रा. बाई वैतागून थर्मासचं झाकण पिळत होत्या. आणि एकदम त्या उठल्या.

"अहो! आले!"

"कोण?"

"ससाणे! लहान ससाणे! खूप वर आहेत. बाप रे, केवढे आहेत!"

लहान ससाण्यांचा मोठा थवा हे बाईंचं जुनं दुखणं होतं. हे पक्षी हजारोंनी जातात असं त्या ऐकून होत्या, पण त्यांच्या खिंडीतून कधी वीस, कधी बारा. दुसऱ्या गावच्या मोजणाऱ्या बाईकडे एकदा तीनशे आले होते आणि ती ते अजून फोनवर ऐकवायची. आता बाईंचा अंगठा शिवणयंत्रासारखा चालला होता. टिक टिक टिक टिक. त्यांचा चेहरा लाल झाला, मान मागे टाकलेली, तोंड उघडं. तपासनीस पेपरातलं कोडं सोडवत होते. अधूनमधून ते स्वतःचाही क्लिकर दाबत, आवाजापुरता.

"सहाशे बारा!" बाई ओरडल्या. "तुमचे?"

"सहाशे चार," तपासनीस म्हणाले.

बाईंनी तिथूनच केंद्राला फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, दुसऱ्या मोजणाऱ्याचा आकडा काय? बाईंनी अभिमानाने नवऱ्याकडे बघत तोही सांगितला. फोन ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तपासनीसांनी बायकोला यापूर्वी एकदाच रडताना पाहिलं होतं, ते सासरे गेले तेव्हा. त्यांना फार बरं वाटलं. आपल्या आठ पक्ष्यांच्या काटछाटीची थोडी लाजही वाटली.

"अजून येतायत," बाई म्हणाल्या. "अहो, आज तरी तो पेपर ठेवा. मोजू नका, काही नका. नुसते बघा."

बायको इतक्या लाडाने काही मागत नसे. तपासनीसांनी पेपर खाली ठेवला, चष्मा पुसला आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा मनापासून वर बघितलं.

वर कावळासुद्धा नव्हता.

आधी त्यांना वाटलं, आपल्यालाच दिसत नसेल. आपल्याला दिसतं कधी? त्यांनी दुर्बीण लावली. पापण्या बाजूला सारून निळं आकाश दिसलं, अगदी स्वच्छ. तेवढ्यात रखवालदार वर आला, केंद्राला दिलेली बातमी त्याला जिन्यातच ऐकू आली होती. त्याने कपाळावर हात धरला, चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "कुठं हाईत?"

"तुम्हाला घार आणि विमान यातला फरक कळत नाही," बाई म्हणाल्या. "खाली जा, बटाटे बघा."

रखवालदार गेला. बाई पुन्हा वर बघायला लागल्या. "विचित्र आहेत पण. टेलिस्कोपमध्ये धरायला गेलं की निसटतात. मी मान वळवली की तेही वळतात. आणि या बाजूला वीज चमकतेय मघापासून. एवढ्या कोरड्या आकाशात वीज! तुम्हाला दिसतेय ना?"

तपासनीसांनी दुर्बीण खाली ठेवली.

त्यांच्या थोरल्या भावाला आधी डास दिसायला लागले होते. बंद घरात, भर थंडीत. तो आठवडाभर टॉवेल घेऊन डास मारत फिरला, वहिनीचे दोन कप फोडले आणि एक डास हाती लागला नाही. मग कोपऱ्यात वीज चमकायला लागली. मग एका डोळ्यासमोर बाजूने काळा पडदा सरकत आला आणि तो डोळा कायमचा गेला. डोळ्याच्या आतला पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले होते, डास दिसले त्याच दिवशी आला असतात तर वाचवला असता. भाऊ आजही चहा ओतताना कपाशेजारी ओततो.

"अगं," तपासनीस म्हणाले, "मला एकही पक्षी दिसत नाहीये."

"दुर्बीण सरळ धरलीय ना?"

"आकाशात काही नाही. तुझ्या डोळ्यात आहे. दादासारखं. चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ."

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं त्या रांगेतून बाहेर आलेल्या पोराकडे बघायच्या. "आणि तुम्ही मोजलेत ते सहाशे चार? ते काय दादांचे डास होते?"

इथे तपासनीस पेचात सापडले. गप्प बसावं, तर बायकोचा डोळा जातो. बोलावं, तर संसार जातो. त्यांनी थोडा वेळ दोन्हीचा विचार केला. मग डोळे मिटून सांगून टाकलं.

"मी मोजले नाहीत. कधीच मोजले नाहीत. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. तुझा क्लिकर तिरक्या नजरेने बघायचो आणि दोन-चार कमी करून सांगायचो."

बाई हसल्या. मोठ्याने, मैदानावरचं हसणं. "इतके दिवस तुम्हाला साधा बनाव रचता आला नाही, आणि आज रचताय? माझा विक्रम झाला म्हणून पोटात दुखतंय तुमच्या. नवराच ना शेवटी!"

तपासनीसांवर आता स्वतःला लबाड ठरवण्याची पाळी आली होती, आणि हे काम त्यांना वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. जन्मभर त्यांच्या खोट्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. खऱ्यावर कुणी ठेवेना.

"मला काहीही विचार," ते गयावया करत म्हणाले. "पक्ष्यांचं काहीही विचार."

"शिक्र्याचे पंख कसे असतात?"

"दोन असतात."

बाईंचं हसू थोडं उतरलं. "आणि भोवत्या कसा ओळखायचा?"

"तू ओरडतेस, 'भोवत्या!' त्यावरून."

 पण बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. तुम्ही अडाणी असाल, त्याने माझे पक्षी खोटे ठरत नाहीत, असं त्या म्हणाल्या, आणि हे तर्काला धरूनच होतं. तपासनीस इकडे तिकडे बघायला लागले. छतावर लिफ्टच्या यंत्राची एक खोली होती, बाहेरून चुना लावलेली, ऊन पडून पांढरीफटक झालेली. त्यांनी बायकोचे दोन्ही खांदे धरले, जे त्यांनी लग्नाच्या फोटोनंतर चारचौघांत कधी केलं नव्हतं, आणि तिला भिंतीसमोर उभं केलं.

"बघ."

"बघितलं. चुना उडालाय."

"अजून बघ."

बाई भिंतीकडे बघत राहिल्या. आणि त्यांच्या कमरेशी आवाज झाला. टिक. टिक. टिक. अंगठा आपोआप चालला होता. भिंतीवरून ससाणे चालले होते, दक्षिणेकडे, शिस्तीत. तिसऱ्यानंतर अंगठा थांबला. बाईंनी तळव्याने डावा डोळा झाकला. हात काढला. पुन्हा झाकला.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान, की तपासनीसांना तो ओळखू आला नाही.

टॅक्सीत मात्र आवाज परत आला. त्या डोळ्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. "म्हणजे दरवेळी कमी सांगायचात? दरवेळी? आणि केंद्राला आपण सरासरी कळवायचो! माझे किती पक्षी खाल्लेत तुम्ही, काही कल्पना? शिकारी पक्षी म्हणे! खरे शिकारी तर तुम्ही! स्टुलावर बसून!" टॅक्सीवाला आरशातून बघत होता. त्याने शेवटी विचारलं, साहेब कुठल्या जंगलखात्यात आहेत का. "बटाट्याच्या खात्यात," बाई म्हणाल्या. तपासनीस मुकाट्याने ऐकत होते. टॅक्सी दोन सिग्नलना अडकली आणि दोन्ही वेळा त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून सिग्नललाच शिव्या घातल्या. अशा शिव्या त्यांना येतात हे बाईंना नवीनच होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होती, भराभर बोलणारी. तिने थेंब टाकले, दिवा लावून डोळ्यात बघितलं आणि बोलायची थांबली. मग म्हणाली की पडदा एका जागी फाटलाय आणि कडेने सुटायला लागलाय, मधल्या भागापर्यंत अजून पोचलेला नाही, संध्याकाळीच ऑपरेशन करू. डोळा किती वाचेल ते मात्र आत्ता सांगता येणार नाही. आधी नुसतं धुकं दिसेल. धुकं विरलं की कळेल.

डॉक्टर तयारीला गेली. लांबलचक बाकावर दोघंच उरली. बाईंचे दोन्ही पाय जमिनीवर जुळवलेले होते, टाचा एकत्र.

"मला भीती वाटतेय हो," त्या म्हणाल्या.

"मलाही."

"तुम्ही नुसतं माझ्यामागून म्हणताय का?"

"नाही. टॅक्सीत बसल्यापासून वाटतेय. तुझ्या आधीपासून."

बाईंनी त्यांचा हात धरला आणि ऑपरेशनला नेईपर्यंत सोडला नाही.

नंतरचे दिवस म्हणजे बाईंची थट्टाच होती. आकाशाकडे बघण्यात आयुष्य घालवलेल्या बाईंना डॉक्टरने, डोळ्यात भरलेल्या वायूने पडदा जागेवर दाबून धरावा म्हणून, पालथं झोपायला लावलं. खाली तोंड करून झोपा, खाली तोंड करून जेवा, खाली तोंड करून बसा. बाईंनी दोन दिवसांत पलंगाखालच्या फरशा, त्यातल्या तडकलेल्या, आणि भिंतीकडून भिंतीकडे जाणाऱ्या मुंग्या मोजून काढल्या, त्याही उजव्या डोळ्याने. तिसऱ्या दिवशी त्यांनी जमिनीकडे बघत हुकूम सोडला.

"केंद्राला फोन लावा आणि सहाशे बारा रद्द करा."

तपासनीसांनी फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, रद्द करण्याचं कारण काय लिहू? तपासनीसांनी थोडा विचार केला. "पक्षी बाईंच्या डोळ्यात होते," ते म्हणाले.  मग त्या माणसाने विचारलं, आणि तुमचे सहाशे चार? "ते माझ्या डोक्यात होते," तपासनीस म्हणाले. "आणि आधीच्या सगळ्या वर्षांतले माझे आकडे खोडा. बाईंचे ठेवा. बाईंचे खरे आहेत." फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान तापले होते, पण छातीवरून एक जडसं काही उतरल्यासारखं झालं.

"बरं झालं," पलंगावरून आवाज आला. "आता उद्यापासून छतावर जा. हंगाम संपत आलाय, एकही दिवस कोरा जाता कामा नये."

"नाही."

"काय म्हणालात?"

"नाही जाणार. तुला सोडून कुठेही जाणार नाही. पक्षी गेले खड्ड्यात."

बाईंनी डॉक्टरचा नियम मोडून मान वर केली. तपासनीसांनी ती हलक्या हाताने पुन्हा खाली दाबली.  तपासनीस पलंगाशेजारी जमिनीवरच बसून राहिले, म्हणजे तिला वळावं लागू नये.

धुकं दोन आठवडे हललं नाही. बाई रोज उजवा डोळा झाकून विचारायच्या, खिडकी कुठंय? तपासनीसांनी 'डावीकडे' असं सांगितलं की तिथे थोडा उजेड आहे असं म्हणायच्या. रात्री त्या झोपल्या की तपासनीस स्वयंपाकघरात जाऊन कपात चहा ओतून बघायचे, एक डोळा मिटून. चहा रोज बाहेर सांडायचा.

शेवटी डॉक्टरने तपासायला बोलावलं. खोली लहान होती, एक खुर्ची, एक दिवा, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. डॉक्टरने बाईंना खुर्चीत बसवलं, उजव्या डोळ्यावर काळी पट्टी लावली आणि तक्ता नंतर, आधी साधं बघू, असं म्हणून समोर जाऊन उभी राहिली. तपासनीस डॉक्टरच्या मागे, दाराला टेकून. डॉक्टरने हात वर केला.

"बाई, किती बोटं?"

बाई पुढे वाकल्या. 

तपासनीसांनी बोटं मोजली. तीन होती. त्यांनी पुन्हा मोजली, पुन्हा तीन. बाई अजून गप्प होत्या, ओठ घट्ट मिटलेले, आणि तपासनीसांचा उजवा हात आपोआप वर आला. डॉक्टरची पाठ होती. बायकोचं तोंड त्यांच्याकडेच होतं. तीन बोटं नुसती छातीशी धरली असती, तरी पुरे होतं. बाईंनी काहीतरी अंदाज बांधला असता, डॉक्टर खूश झाली असती, सगळं जुळलं असतं. त्यांचा अंगठा दुमडला गेला, करंगळी दुमडली गेली. मग त्यांनी सगळी मूठच वळली आणि हात खिशात कोंबला. दुसराही कोंबला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या पुसायलाही हात बाहेर काढला नाही.

"बाई?" डॉक्टर म्हणाली. "घाई नाही. दिसतील तेवढीच सांगा."

"थांबा हो, मोजतेय," बाई म्हणाल्या. मग खुर्चीत ताठ बसल्या.

"तीन," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या मागे आमचे हे खिशात हात घालून रडतायत. कुणीतरी त्यांना बाहेर नेऊन चहा पाजा."